चंदनाचा शेजार

लोक नर्सरीत आले की पहिला प्रश्न विचारायचे, हे झाड पाणी किती घेतं. दुसरा, फळ कधी धरतं. या झाडाला शेजारी कोण लागतं, हे सगळ्या नोकरीत मला एकाच माणसानं विचारलं, आणि ती माझी बायको होती. तीसुद्धा मला अडवायला विचारायची. उत्तर तिला आधीच माहीत असायचं.

सणसरच्या बाजूला रस्त्याकडेला एक खाजगी नर्सरी होती. तिथं मी आधी पिशव्यांत माती भरायला, मग कलमं बांधायला आणि शेवटची वीस-बावीस वर्षं मुकादम म्हणून होतो. शाळा चौथीपर्यंत. नर्सरीचं काम रोप विकून संपत नाही. मोठं गिऱ्हाईक असलं की मुकादमानं त्याच्या रानात जायचं, खड्डे आखून द्यायचे, रोपं लावून द्यायची. मग वर्षा-दोन वर्षांनी तो बोंबलत आला की रोपं खराब निघाली, तर परत जाऊन बघायचं की खराब काय आहे, रोप का माणूस. बहुतेक वेळा माणूसच असायचा. मी ते तोंडावर सांगायचो. मालकानं मला दोनदा कामावरून काढलं आणि दोन्ही वेळेला आठवड्याच्या आत परत बोलावलं.

दिवाळी अंकात लिहावं असं मी काही मोठं केलेलं नाही. पण ज्या चुकीसाठी मी आयुष्यभर लोकांना फाडफाड बोललो, तीच चूक गेल्या साली मी स्वतः केली, आणि केली ती बायकोनं लावलेल्या साठ चंदनांवर. ती जाऊन महिनाही झाला नव्हता. ती साठ झाडं जगतात का मरतात, यापलीकडं त्या साली मला काही सुचत नव्हतं. तेच सांगायचंय. फक्त ज्यांनी झाडं लावली नाहीत त्यांना आधी थोडं समजून घ्यावं लागेल की झाडं एकमेकांना काय काय करतात.

माणसाला वाटतं झाड उभं आहे म्हणजे गप उभं आहे. वरून गप असतं. खाली त्याचा सगळा व्यवहार चालू असतो. कोण पाणी ओढतं, कोण पाला पाडून दुसऱ्याचं बी उगवू देत नाही, कोण मातीत कस घालतं, कोण दुसऱ्याची कीड मारतं. तूर लावली तर जमीन सुधारते, हे कुणीही सांगेल. बाभळीखालचं गवत उन्हाळ्यात सगळ्यांत शेवटी वाळतं, हे मेंढरू सांगेल.

बारामती रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाला लॉन पाहिजे होतं. कुठं, तर निलगिरीच्या दोन रांगांच्या मधे. नवरानवरीचे फोटो तिथं चांगले येतात म्हणे. मी सांगितलं, इथं गवत जगणार नाही, निलगिरी पाणी ठेवत नाही आणि तिचा पाला पडतो तिथं दुसरं काही धड येत नाही. तो म्हणाला, "मुकादम, मी तुमचा सल्ला मागितला नाही, गवत मागितलं." दिलं. तीन वेळा दिलं, तीन वेळा वाळलं. चौथ्यांदा त्यानं प्लॅस्टिकचं हिरवं गवत आणून अंथरलं. ते अजून आहे. त्याला कुठलाही शेजारी चालतो.

दुसरी एक बाई इंदापूरच्या पलीकडची, टोमॅटो करणारी. रोपं लावली की फूटभर वाढून बसायची. उपटून आणलेलं एक झाड तिनं माझ्यापुढं टाकलं. मुळांना सगळ्या बारीक गाठी, माळ ओवावी तशा. मातीत डोळ्याला न दिसणारे किडे असतात, त्यांचं ते काम. मी म्हणालो, एक हंगाम टोमॅटो विसरा, झेंडू लावा, झेंडूचं मूळ त्या किड्यांना सोसत नाही, नंतर त्याच रानात टोमॅटो घ्या. नवरा हसला. बाईनं ऐकलं. पुढच्या सालात ती पेढे घेऊन आली. मला वाटलं टोमॅटो आला. तर दसऱ्याला झेंडूच असा गेला होता की तिनं टोमॅटो सोडूनच दिला होता. नवरा मागं उभा राहून मला म्हणतो, "मुकादम, तुमी आमच्या किड्यांस्नी उपाशी मारलं आनि आमच्या टोमॅटोलाबी."

आता चंदन. चंदनाची पानं हिरवी असतात, म्हणजे थोडं अन्न ते आपलं आपण करतं. पण नुसत्या स्वतःच्या मुळावर त्याचं भागत नाही. त्याचं मूळ मातीत चाचपडत जातं, दुसऱ्या झाडाचं मूळ सापडलं की त्याला चिकटतं, आणि तिथं मसुरीच्या दाण्याएवढी गाठ धरते. त्या गाठीतून ते शेजाऱ्याचं पाणी आणि कस पितं. शेजारी सहसा मरत नाही, पण चंदनाला शेजारीच नसला तर चंदन मरतं. म्हणून चंदन लावताना त्याच खड्ड्यात हातभर अंतरावर तूर लावायची, आणि पुढं तूर संपेल तेव्हासाठी कढीपत्ता, करंज, शेवरी असं काहीतरी आसपास वाढवायचं. इतकं साधं आहे. आणि नेमकं हेच लोक ऐकत नाहीत, कारण आपल्याकडं चांगलं रान म्हणजे स्वच्छ रान.

बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. सुप्याजवळ त्यांनी जमीन घेतली आणि दोनशे चंदनं लावली. रांगा दोरीनं आखलेल्या, कडेचे दगड चुन्यानं रंगवलेले, आत गवताची काडी नाही. लावताना मी तूर लावून दिली होती. साहेबांनी ती तण समजून काढून टाकली. दीड वर्षानं ते नर्सरीत आले आणि मालकासमोर आम्हाला नाही नाही ते बोलले. मी त्यांच्याबरोबर गेलो. झाडं गुडघ्याएवढी, पिवळी, शेंडे वाळलेले. मी एक झाड मुळापर्यंत उकरून दाखवलं आणि बोललो, "साहेब, तुमी दोनशे पावनं जेवायला बसवल्यात आनि ताटात काय वाढलंच न्हाय. वर म्हनताय पावनं रोड हायेत."

साहेब लाल झाले. मालकाला फोन केला. तीच माझी दुसऱ्यांदा नोकरी जायची वेळ. पण माणूस हिशेबी होता, घरी जाऊन त्यानं विचार केला आणि दुसऱ्या दिवशी मी नेऊन दिलेली तूर लावली. झाडं वर आली. तेव्हापासून ते सणावाराला मला फोन करत आले.

आता माझ्या बायकोचं. आमच्याकडं बायकोचं नाव घेत नाहीत, मी जन्मात घेतलं नाही, आता लिहितो. तिचं नाव हौसा. माझ्या बापाचीही मेंढरं होती पण त्यानं ती लवकर विकली. हौसाच्या माहेरची माणसं मात्र ती लग्नाची होईपर्यंत मेंढरांमागं फिरत होती. तिला झाडांची पुस्तकातली माहिती शून्य. पण कुठल्या झुडपाच्या आडोशाला काय उगवतं, ते तिनं पायी बघितलेलं. मी नर्सरीतून काही नवीन शिकून आलो की ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, बरं, मग त्याच्या शेजारी काय? मला ते माहीत नसायचं. मग ती सांगायची.

मी काम सोडलं तेव्हा पोरगं बारामतीला कंपनीत लागलेलं होतं. आम्ही दोघं निरवांगीच्या वरच्या अंगाला, माळावरच्या आमच्या दीड एकरात राहायला आलो. नर्सरीत चंदनाची रोपं निवडताना वाकडी, खुरटी बाजूला काढतात. शेवटच्या दिवशी मालकानं मला विचारलं, काय पाहिजे ते घेऊन जा. मी नारळ म्हणणार होतो. हौसा टेम्पोत बसायला आली होती, तिनं त्या वाकड्या रोपांकडं बोट केलं. साठ भरली. प्रत्येकाच्या खड्ड्यात तिनं तूर लावली. मधे शेवरी लावली. आपोआप आलेला तरवड ठेवला, बाभळीची रोपं ठेवली. मी मुकादम म्हणून रांगा आखायला लागलो तर म्हणाली, "तुमी चहा प्या. ह्यास्नी रांगंत बसायची सवय न्हाय."

आमच्या रानाला लागून किसनरावाचं रान. आम्ही बरोबरचे. पूर्वी मी त्याला किसन्या म्हणायचो. आठ वर्षांपूर्वी मधल्या बांधावरून भांडण झालं. त्याच्या ट्रॅक्टरनं बांध कोरला असं मी म्हणालो, मी आधी कोरला असं तो म्हणाला. मोजणी झाली, दगड बसले, बोलणं बंद झालं. तेव्हापासून त्या बांधाला दोघांनीही हात लावला नाही. गवत कापलं तरी दुसरा भांडायला येणार. बायका मात्र बांधावरून भाजीची देवाणघेवाण करायच्या. आम्ही न बघितल्यासारखं करायचो.

चंदनं चौथ्या वर्षात असताना हौसा आजारी पडली. पाच महिने दुखणं चाललं, आणि पौषात ती गेली. दुखण्याचं मी लिहिणार नाही. किसनराव मयताला आला, लांब उभा राहिला, आणि गेला.

दहाव्याला पाहुणे जमले होते. त्यातली एक बाई रानाकडं बघून हळहळली. म्हणाली, बाईच्यानं शेवटी शेवटी होत नव्हतं वाटतं, किती माजलंय रान. तिनं काही वाईट मनानं म्हटलं नाही. पण आमच्याकडं बाईची किंमत तिच्या खुरपणीवर करतात, आणि हौसाच्या हाताखालून गेलेल्या वाफ्यात गवताचं पान सापडायचं नाही. चंदनाचं रान तिनं मुद्दाम तसं ठेवलं होतं हे मला माहीत होतं, त्या बाईला नव्हतं. मला ते सांगता आलं नाही. सांगायला तोंड उघडलं असतं तर रडलो असतो.

तेरावा झाला आणि मी आठ बाया खुरपायला आणल्या. मी स्वतः उभा राहून काम करून घेतलं. तूर आता जून झाली होती, लाकूड झालेली. एक बाई म्हणाली, तात्या, ही तूर ठेवायची का. मी म्हणालो, मुळासकट काढा. शेवरी काढली, तरवड काढला, बाभळीची रोपं काढली. किसनरावाच्या बांधाकडं मात्र कुणी गेलं नाही. तिथं कोण भांडण ओढवून घेणार. तीन दिवसांत रान सारवलेल्या अंगणासारखं झालं. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, रान झकास केलंय. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

मला कुणी विचारलं की तुम्हाला तेव्हा कळत नव्हतं का, तर मी काय सांगू. कळत होतं. पण मी चंदनाचं रान साफ करत नव्हतो, तिचं नाव साफ करत होतो. दोन्ही एकाच जमिनीवर होतं ही अडचण.

चैत्रात पानं पिवळी पडायला लागली. लोक म्हणाले, ऊन फार आहे. मला एका नजरेत कळलं. कळलं आणि मी कुणाला बोललो नाही. आठ दिवस मी नुसतं पाणी देत राहिलो. एके दिवशी तर बुडाला युरिया टाकला. मी, ज्यानं युरिया टाकणाऱ्या गिऱ्हाइकांची टिंगल केली. जेवायला काही नाही त्या माणसाच्या अंगावर अत्तर शिंपडावं तशातला प्रकार. मधल्या झाडांचे शेंडे वाळत चालले. सकाळी उठलं की रानाकडं तोंड करून चूळ भरायचीसुद्धा लाज वाटायची.

तेवढ्यात ते बँकेतले साहेब आले. मुलीकडं लांब राहायला गेले होते, त्यांना हौसाचं उशिरा कळलं होतं. ओसरीत बसले, पाणी प्याले, चार शब्द बोलले. मग म्हणाले, वहिनींची चंदनं दाखवा. मी टाळाटाळ केली. ते उठून स्वतःच गेले.

रानाच्या मधोमध उभे राहून त्यांनी सगळीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मुकादम, तुम्ही माझ्या रानात मला काय म्हणाला होता, आठवतं का?"

"आठवतंय."

"म्हणा परत एकदा."

मी म्हणालो. पाहुणे, ताट, सगळं. शेवटपर्यंत म्हणालो. म्हणता म्हणता मला हसू आलं आणि मग दुसरंच काही आलं, आणि मी तिथंच ढेकळावर बसलो. साहेब माझ्या शेजारी बसले. इस्त्रीच्या विजारीनिशी. उठताना ते म्हणाले, "मला त्या दिवशी फार राग आला होता तुमचा. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी तूर घेऊन आला होतात."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. साहेबांनी त्या प्रसंगानंतर तुरीचा धसकाच घेतला होता. त्यांच्या अंगणात बारा महिने पिशव्यांत तुरीची रोपं तयार असतात, कुणाला वाटावं माणूस तूर विकतो. साठ पिशव्या पाठवल्या होत्या, वर कढीपत्त्याची दहा-बारा. मी ती भर उन्हात लावली, प्रत्येकावर पाचटाची सावली केली, आणि घागरीनं पाणी घातलं. ठिबक होतं, पण घागरीनंच घातलं.

हौसा बिया फडक्यांच्या गाठोड्यांत बांधून ठेवायची. कुठल्या गाठीत काय, हे तिच्या डोक्यात. गाठी तशाच राहिल्या, डोकं गेलं. मी एकेक गाठ सोडून चंदनांच्या मधे टाकत गेलो. काय उगवेल ते उगवेल. अंबाडी उगवली, चवळी उगवली, एका गाठीतून तांबडा माठ निघाला, एकीतून मला अजून न ओळखलेली एक वेल. रोज सकाळी ती मला काहीतरी सांगते आहे असं वाटायचं. मी भोळा माणूस नाही, मला माहीत आहे ते बी आहे. पण रोज सकाळी बघायला जायचो.

सगळी काही वाचली नाहीत. पाऊस पडून गेल्यावर मोजली. तेवीस झाडं आतल्या रानात मेली ती मेलीच. तेवीस तुरीवर आणि गाठोड्यावर तगली, नवे शेंडे फुटले. आणि उरलेली चौदा, ती किसनरावाच्या बांधालगतची, त्यांचं एकही पान पिवळं पडलं नव्हतं. सगळ्या उन्हाळ्यात माझं तिकडं लक्षच गेलं नाही, कारण माणूस मरणाऱ्याकडं बघतो.

मी खुरपं घेऊन एका झाडाच्या बुडाशी बसलो आणि मुळाच्या मागं मागं उकरत गेलो. मूळ सरळ बांधाकडं गेलं होतं. बांधाखाली शिरलं होतं. आठ वर्षं दोघांच्या भांडणापायी त्या बांधावर विळा चालला नव्हता, आणि तिथं बोर, तरवड, करंज आणि दोन चांगल्या बाभळी अशी दाट जाळी झाली होती. बाभळीच्या मुळाला माझ्या चंदनाचं मूळ चिकटलेलं. ओळीनं गाठी. मी माती परत लोटली, हातानं दाबली.

दिवाळी तोंडावर असताना बातमी आली की किसनराव डाळिंब लावतोय, चारी बांध जेसीबीनं साफ करून तारेचं कुंपण घालणार. जेसीबी सोमवारी येणार. मोजणीच्या दगडापासून अलीकडं माझं, पलीकडं त्याचं. आणि जाळी, बाभळी, सगळं पलीकडं.

मी आयुष्यात लोकांना सांगितलं, कुणाला विनंती केली नाही. रविवारी सकाळी त्याच्या दारात गेलो. तो गोठ्यापुढं शेण ओढत होता. मला बघून त्यानं खोरं ठेवलं नाही.

"बस," म्हणाला. मी उभाच राहिलो.

"बांध काढतूयास म्हनं."

"माझ्या बाजूचा काढतूय. दगड हायेत."

"काढू नगंस."

"का? त्योबी तुझा झाला का आता?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. पाहुणीचं बोलणं, खुरपणी, पिवळी पानं, उकरलेलं मूळ. शेकडो गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगितलेली गोष्ट, पण त्या दिवशी ती सांगताना मला शब्द आठवावे लागत होते. बैल बघायला आल्यासारखा तो ऐकत होता.

"म्हंजी माझ्या बाभळीचं पानी तुझी झाडं पित्यात."

"व्हय."

"कवापसनं?"

"दोन-तीन वर्सं झाली असत्याल."

"आनि मला इचारलं न्हाय."

"मलाच म्हाईत न्हवतं."

त्यानं दोन खोरी शेण ओढलं. मग विचारलं, "बाभळीचं काय नुकसान?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. काही नाही म्हणालो असतो तर त्याला काय कळणार होतं. पण चाळीस वर्षांची सवय.

"थोडं कमी पडतं तिला. मरत न्हाय. पन घेत्यात, हे खरं हाय. आनि जाळी ऱ्हायली तर तुझी डाळिंबाची एक रांग कमी हुईल."

"येक न्हवं, दोन हुत्यात," तो म्हणाला. त्यानं आधीच मोजलं होतं. घरातून त्याची बायको दाराशी येऊन उभी राहिली होती. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि तिथंच उभी राहिली.

किसनराव तिच्याकडं न बघता मला म्हणाला, "हौसावयनीची झाडं न्हवं ती?"

"व्हय."

"मग खाऊ दे की."

आणि परत शेण ओढायला लागला. त्याची बायको आत चहा ठेवायला गेली. आठ वर्षांनंतर त्या घरचा चहा प्यालो. साखर जास्त होती. मी तसं बोललो, तर ती आतून म्हणाली, "भावजी, ग्वाड लागत आसंल तर घाला की दुसऱ्या घरी फेरी."

सोमवारी जेसीबी आला. तीन बांध सपाट केले आणि चौथ्यापाशी ड्रायव्हर विचारायला लागला, हा का नाही. किसनरावाच्या पोराचंही तेच म्हणणं होतं, तो बापावर दोन दिवस फुगून होता. मी त्याच्या डाळिंबाचे खड्डे आखून दिले, जाळीपासून पंधरा फूट सोडून. मधे झेंडू लाव म्हणून सांगितलं, आणि कुंपणाच्या कडेला मका. पोरगं म्हणालं, मोबाइलवर बघून ठरवतो. बघू दे.

पौषात हौसाचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे आले, रानात गवत आहे म्हणून कुणी काही बोललं, कुणी नाही. मी ओसरीतून उठलो नाही.

भाकरी मला अजून गोल येत नाही. पोरगं म्हणतं बारामतीला चल, सून चांगली आहे. जाईन कधीतरी दोन दिवस. पण इथं काम आहे. मेलेल्या तेवीस जागी मी चंदन परत लावलं नाही. एका जागी शेवगा लावला, दोन जागी लिंबू, बाकी जागा तशाच आहेत, तिथं जे यायचं ते येतंय. चंदनाच्या गाभ्याला वास धरायला अजून बरीच वर्षं लागतील. तो काही मला मिळायचा नाही. त्याची मला खंत नाही, तो वास घ्यायचा म्हणून तिनं लावलीच नव्हती. तिला ती रोपं टेम्पोबाहेर राहतील याचं वाईट वाटलं होतं, एवढंच.

किसन्या आता रोज सकाळी त्याच्या बाजूनं बांधाशी येतो. चौदा झाडं आपल्या बाभळींवर आहेत, म्हणजे ती निम्मी आपली, असं त्याचं मत झालंय. एखाद्या फांदीचं पान गळलं तर मला हाक मारून खडसावतो, काय मुकादमकी केलीस रं जन्मभर. तो त्याच्या बाजूनं मोजत येतो, मी माझ्या. दोघांची मिळून सदतीस भरली की आपापल्या घरी जातो.